पिंपळाची तेरा पानं

भिवाजींनी तांब्याच्या तारेचा हातभर उंच पिंपळ केला, पण शेवटची तेरा पानं जोडायची राहिली आणि माघात ते गेले. बुद्धपौर्णिमेला पिंपळ विहारात ठेवू, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पौर्णिमा आता परवावर आली होती. बाबांचा शब्द अर्धा राहू द्यायचा नाही, एवढं त्यांच्या लेकीनं, रेणुकानं ठरवलं.

रजा टाकून ती सकाळीच सिकंदराबादच्या घरी, बाबांच्या कामाच्या खोलीत बसली. पानं बाबांनी वळून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेली होती. डाखकामाची राळ तापली तसा बाबांच्या सदऱ्याचा वास सुटला. ती कामाला लागली. पण कथलाचा डाख काही धरेना. वितळलेलं कथील देठावरून अळवावरच्या पाण्यासारखं घरंगळायचं. तिनं राळ वाढवली, व्हिडिओ पाहिले, एक जाडजूड पुस्तकही उघडलं. दुपारपर्यंत टेबलावर कथलाचे मणी साचले, पान एकही लागलं नाही.

तिची आई मालनबाई दारातून बघत होती. तीन महिने तिनं या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. तारेचं वार्निश काढलंस का, असं तिनं विचारलं. तार तर स्वच्छ चकचकीत आहे, रेणुका म्हणाली.

"ती चमक वार्निशचीच, हौले, एवढंही कळत नाही? पंख्याच्या वाइंडिंगची तार आहे ती. कातडं सोलल्याशिवाय डाख बसतो का?"

"पण बाबांना तार खरवडताना मी कधी पाहिलं नाही."

"कसं पाहशील? खरवडायची मी. भाजी निवडून झाली की त्यांच्या तारा घ्यायची. नाव त्यांचं, नखं माझी."

आणि मालनबाई हसली. आत येऊन तिनं खणातलं जुनं ब्लेड न शोधताच काढलं, तार अंगठ्याच्या नखावर धरून एक गिरकी दिली. खालचं गुलाबी तांबं उघडं पडलं. रेणुकानं डाख दिला, तो फुगला पण बसला.

आईनं चष्मा लावून पाहिलं. "त्यांचा पहिला डाख सुपारीएवढा होता. तुझा हरभऱ्याएवढा. घराणं सुधारलं म्हणायचं."

बाकीची पानंही लागत गेली; तेरावं मात्र आईनं स्वतः जोडायला मागितलं. कथील जास्त पडलं आणि झाली सुपारी. रेणुका कानस शोधू लागली, तर आई म्हणाली, "असू दे."

पौर्णिमेला विहारात पंखा लागला तशी सगळी पानं एकदम हलली. समोरचं एक जडसं पान तेवढं मागून, आपल्या चालीनं डुलत राहिलं.