विसावी सही

नगरसेवक झाल्यावर माणसाला काय काय मिळतं, हे निवडून येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. शपथ घेतली त्या दिवशी एक जाडजूड पाकीट हातात पडलं. त्यात महिन्याच्या मानधनाचं पत्र होतं, फोनचं बिल पालिका भरेल असं पत्र होतं, बसचा पास होता, मी किंवा बायको आजारी पडलो तर मोठ्या इस्पितळात फुकट उपचार मिळतील असं कार्ड होतं, आणि तळाशी पालिकेच्या पोहण्याच्या तलावाचा पास होता. कर्तव्यांची एक पुस्तिकाही होती. ती बायकोने डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल हलायचं थांबलं. त्या पुस्तिकेचा आमच्या घरात झालेला उपयोग एवढाच.

त्याआधी तीस वर्षं मी सायकली दुरुस्त करत होतो. विरोधी बाकावरचे मला अजून ‘पंक्चरवाला’ म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. पंक्चर काढणाऱ्याला निदान भोक कुठे आहे ते शोधावं लागतं. नगरसेवकाला तेवढीही सक्ती नाही.

निवडून आलो तो वहिनीच्या जिवावर. माझा थोरला भाऊ लवकर गेला, आई त्याच्याही आधी. मला वाढवलं ते वहिनीने. आमच्या वॉर्डातल्या पालिकेच्या दवाखान्यात ती बावीस वर्षं नर्स आहे, संध्याकाळच्या पाळीला, पाच ते नऊ. आमच्याकडची माणसं दिवसभर कामावर असतात. दुखणंखुपणं दाखवायला त्यांना तेवढीच वेळ मिळते. प्रचारात वहिनी पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरली. दारात उभी राहायची आणि एवढंच म्हणायची, “माझा दीर आहे. खोटं बोलणार नाही.” लोकांनी मत मला दिलंच नाही. त्यांनी तिच्या शब्दाला दिलं.

आता सभेची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तीन वाजता सर्वसाधारण सभा. सभागृहाच्या दाराशी हजेरीपुस्तक ठेवलेलं असतं. त्यात सही केली की त्या दिवसाचा बैठक भत्ता पक्का. मग आत बसा, नाहीतर मागच्या दाराने निघून जा. साठ जणांच्या सभागृहात ठराव व्हायला वीस जण हजर लागतात, त्याला कोरम म्हणतात. पण महापौर डोकी मोजत नाहीत, सह्या मोजतात. कुणी कधीच डोकी मोजली नाहीत, कारण मोजणाऱ्यालाही कधीतरी लवकर निघायचं असतंच.

पहिले सहा महिने मी शेवटपर्यंत बसलो. मग एका जुन्या सभासदाने खांद्यावर हात टाकून सांगितलं, “अहो, एवढं बसलात तर मूळव्याध होईल. सही करा आणि सुटा.” मला हसू आलं. पुढच्या सभेला मी सुटलो.

कुठे जायचो ते सांगायलाही लाज वाटते. तलावावर. एक्कावन्नाव्या वर्षी मला पोहायला शिकायचं होतं. मंगळवारी दुपारी तलाव रिकामा असतो, त्यामुळे कडेचा दांडा धरून पाय मारणारा नगरसेवक कुणाला दिसत नाही.

त्या मंगळवारी विषयपत्रिका चाळीस पानांची होती. मी ती उघडलीही नाही. तीन वाजता सही केली आणि साडेतीनला पाण्यात होतो. त्याच दिवशी मी पहिल्यांदा दांडा सोडला आणि सात-आठ हात खरंच पोहलो. बाहेर येऊन एकटाच हसत होतो. नंतर हिशेब लावला, तेव्हा कळलं की मी तलावाकाठी हसत होतो तेव्हा सभागृहात सतरावा विषय वाचला जात होता: ‘रुग्णसंख्या कमी असल्याने वॉर्डातील दवाखान्याची संध्याकाळची पाळी पुढील महिन्याच्या अखेरीपासून बंद करणे.’ माझ्याच वॉर्डातील.

तीन दिवसांनी दवाखान्याच्या दारावर नोटीस लागली. वहिनी पाळी संपवून तशीच माझ्या घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

“सभेत झालं म्हणे हे. तू होतास ना?”

तेव्हा ‘नव्हतो’ म्हणालो असतो तर काय झालं असतं? ती ओरडली असती, चार दिवस बोलली नसती. पण जीभ घसरली ती घसरलीच. म्हणालो, “होतो तर! घसा बसेपर्यंत भांडलो, वहिनी. पण माझ्या एकट्याचं कोण ऐकतंय?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी तापात ठेवायची तसा. “भांडलास ना? मग झालं. हरायची लाज नसते.”

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. मंगळवारी माझा ओला टॉवेल तीच वाळत घालते. ती तशीच आत वळली.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या रांगेत वहिनी प्रत्येकाला सांगू लागली. इंजेक्शन देताना, पट्टी बांधताना, केसपेपर लिहिताना. “माझा दीर एकटा भांडला हो सभेत. बाकी कुणी तोंड उघडलं नाही.” आणि लोक माझे आभार मानायला येऊ लागले. एक म्हातारी गिरणी कामगार दोन जिने चढून आली. तिला संध्याकाळी रक्तदाबाची गोळी मिळायची. मला म्हणाली, “दवाखाना गेला तर गेला, पण आमच्या बाजूने एक तरी माणूस आहे.” मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मेल्याहून मेल्यासारखा उभा राहिलो. ती आली तेव्हा माझ्या खिशात मोठ्या इस्पितळाचं कार्ड होतं. मी स्वतः त्या दवाखान्याची पायरी तीन वर्षांत चढलो नव्हतो.

शेवटी सभेच्या कारकुनाकडे गेलो. हा माणूस गेली पंचवीस वर्षं सभेचं इतिवृत्त लिहितो आणि कुणाशीही गरजेपेक्षा जास्त बोलत नाही.

“तो ठराव फिरवता येईल का?” मी विचारलं.

“एकमताने मंजूर झालाय. हजर सभासद वीस.” त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. विसावी सही माझी होती.

“म्हणजे मीपण...”

“तुम्हीपण मंजूर केलात. कागदावर तरी.” त्याने चष्मा पुसला. “उपाय आहे. पण तुम्हाला परवडणार नाही.”

“सांगा तर.”

“येत्या सभेत इतिवृत्त कायम होईल. त्याआधी कुणी उठून म्हणालं, की सही माझी असली तरी मी सभागृहात नव्हतो, तर उरतात एकोणीस. कोरम नाही, म्हणजे ठरावही नाही. एकदा इतिवृत्त कायम झालं की ब्रह्मदेवालाही बदलता येणार नाही.”

“त्या दिवशी निघून गेलेला मी एकटाच नव्हतो.”

“नव्हतात,” तो म्हणाला. “आठ जण गेले होते. त्यांना विचारून पाहा. जो बोलेल त्याची चौकशी लागेल. भत्ता परत द्यावा लागेल, आधीच्या सह्याही तपासतील. सभासदत्वही जाऊ शकतं.”

मी खरंच विचारून पाहिलं. कबूल करतो, आधी दुसऱ्याच्याच गळ्यात घंटा बांधायला निघालो होतो. एकाने मला चहा पाजला, एकाने फोन उचलला नाही, आणि मला सुटायला शिकवणाऱ्या त्या जुन्या सभासदाने विचारलं, “दवाखाना तुमच्या वॉर्डातला की माझ्या?”

तरीही मी गप्प बसलो असतो. सभासदत्व गेलं तर दुकान होतंच. त्याची भीती नव्हती. भीती वहिनीची होती. तिने डोक्यावर ठेवलेला तो हात तिला परत काढून घ्यावा लागू नये, असं वाटत होतं. खोटं सांभाळायचं तर दवाखाना जाणार, आणि दवाखाना सांभाळायचा तर खोटं उघडं पडणार. मनाशी ठरवलं होतं, की सभेत नुसतं जोरदार भाषण ठोकायचं. लोक टाळ्या वाजवतील, ठराव राहील आणि मीही राहीन.

सभेच्या दिवशी सही करून आत गेलो आणि वर पाहिलं. प्रेक्षकांच्या सज्जात वहिनी बसली होती. बावीस वर्षांत तिने रजा किती घेतल्या ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. त्या दिवशी तिने अर्ध्या पाळीची घेतली होती, सातपर्यंत. सोबत रांगेतली दहा-बारा माणसं. मला भांडताना पाहायला आली होती. वहिनीने शेजारणीला बोटाने माझी खुर्ची दाखवली.

“इतिवृत्त कायम करण्यात यावं. कुणाची हरकत?” महापौर कागदातून मान वर न काढता म्हणाले.

मी उभा राहिलो. भाषण पाठ होतं. पण वर ती सगळी माणसं पुढे वाकून ऐकत होती, आणि त्यांच्यापुढे ते भाषण करणं मला शक्यच झालं नाही. इतका कोडगा मी अजून झालो नव्हतो, हे मलाच नवीन होतं.

“हरकत आहे,” मी म्हणालो. “मागच्या सभेच्या हजेरीत माझी सही आहे. पण मी सभागृहात नव्हतो. सतराव्या विषयाला नव्हतो, कुठल्याच विषयाला नव्हतो. सही करून निघून गेलो होतो.”

महापौरांनी मान वर केली. “कुठे गेला होतात?”

तिथे ‘खाजगी काम होतं’ म्हणून भागलं असतं.

“पोहायला.”

सभागृह खदखदून हसलं. विरोधी बाकावरून कुणीतरी ओरडलं, “पंक्चरवाला पाण्यात बुडबुडे शोधत होता!” मागच्या सभेत निघून गेलेले मात्र कुणी हसले नाहीत, ते विषयपत्रिका वाचू लागले. खाई त्याला खवखवे. वर पाहिलं तर वहिनीही हसत नव्हती. ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि बाकीच्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत निघून गेली. ती माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

कायदा अधिकाऱ्यांनी नियम वाचून दाखवला. कोरम नव्हता, ठराव रद्द, संध्याकाळची पाळी चालू राहील. माझी चौकशी करावी, हे मात्र एकमताने मंजूर झालं. त्या वेळी मी हजर होतो.

सात वाजता दवाखान्यात गेलो. वाटलं, वहिनी दार लावून घेईल, नाहीतर चारचौघांत तोंडात मारेल. दोन्ही चाललं असतं.

तीस-पस्तीस माणसं बाकांवर आणि भिंतीला टेकून होती. अर्धी रजा संपवून वहिनी कामावर परतली होती. ती दारापाशी, रांगेतल्या पहिल्या माणसापुढे उभी होती. “मी तुम्हाला सांगितलं होतं, की माझा दीर सभेत भांडला,” ती म्हणत होती. “ते खोटं होतं. तो तिथे नव्हताच. माझं चुकलं.” मग दुसऱ्यापुढे गेली. तेच शब्द. मग तिसऱ्यापुढे. कुणी “असू दे हो, सिस्टर” म्हणालं, कुणी मान खाली घातली.

मी धावत तिच्यापाशी गेलो. “वहिनी, तू कशाला? खोटं मी बोललो.”

“तू एकदा बोललास,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “मी शेकडो माणसांना सांगितलंय. सगळी आज भेटणार नाहीत. सरक, मला पुढे जाऊ दे.”

मी सरकलो. मग रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे हाताला पट्टी बांधलेला एक वेल्डर उभा होता. त्याच्यापुढे उभा राहिलो आणि सभागृहात सगळ्यांपुढे जे बोललो होतो, ते इथे एका माणसापुढे तोंडातून निघेना. वहिनी अर्ध्या रांगेपर्यंत आली, तरी मी पहिल्याच माणसापाशी होतो.

त्यालाच माझी दया आली असावी.

“बोला की सावकाश, साहेब,” तो म्हणाला. “नऊपर्यंत उघडा आहे दवाखाना.”