काबरीनं खाल्लेलं पान

मी एक सोळा पानांचं चित्रांचं पुस्तक बोलतोय. छापून आलो तेव्हा सोळाही पानं छापील होती. आता पंधरा छापील आहेत आणि एक पेन्सिलीचं. ते कसं, तेच सांगायचंय.

माझ्यात एका कुंभाराची गोष्ट आहे. त्याला वाट चुकलेलं गाढवाचं पिल्लू सापडतं. तो त्याला भाकरी घालतो, पायातला काटा काढतो आणि शेवटच्या पानावर त्याच्या आईजवळ पोचवतो. माणसांनी मुक्या जिवांशी मायेनं वागावं, असं मी शिकवतो. मुक्या जिवांनी पुस्तकांशी कसं वागावं, हे मात्र छापायचं राहून गेलं.

शिरूर कासारजवळच्या एका गावातल्या शाळेत मी पेटीतून आलो. वर्षभर पेटीला कुलूप होतं. पुस्तकं वाचली तर फाटतील, ही भीती. मग अजिनाथ गुरुजी बदलून आले. त्यांनी कुलूप काढलं आणि नियम केला: पुस्तक घरी न्या, पण जो फाडील त्याला पुढचं पुस्तक नाही, आणि फाटलेलं पुस्तक रद्दीत. रद्दी कुठं जाते ते मला ठाऊक होतं. शाळेसमोरच भज्यांचा गाडा होता.

चौथीतल्या रोहिणीनं मला घरी नेलं. तिचे आई-बाप दिवाळी करून ऊसतोडीला गेले होते. घरी ती, आजी चंद्रभागाबाई आणि काबरी नावाची शेळी. रोहिणी रोज संध्याकाळी मला मोठ्यानं वाचायची. आजीला वाचता येत नव्हतं, पण नावं ठेवता येत होती.

“हे गाढव हाय व्हय? सश्यावानी दिसतंय.”

मला राग आला. पण खोटं कशाला बोलू, चित्रकारानं कान जरा जास्तच ओढले होते.

शेवटच्या पानाला मात्र आजी कधी नावं ठेवायची नाही. पिल्लू आईला बिलगलेलं बघायची आणि म्हणायची, “पुन्यांदा दाव.” रोहिणीही मला लवकर मिटायची नाही. दोघींना कुणाची आठवण यायची ते मला कळत होतं, आणि तेव्हा मला पुस्तक झाल्याचं बरं वाटायचं.

इतक्यांदा उघडल्यावर ते पान शिवणीतून सुटलं. रोहिणी रडकुंडीला आली.

“रडू नको. म्या चिटकवते,” आजी म्हणाली. तिनं चुलीवर पिठाची खळ शिजवली, सढळ हातानं मला फासली आणि वाळायला अंगणात ठेवलं. नेमकं काबरीच्या तोंडापुढं.

खळ अजून कोमट होती. काबरीनं मला हुंगलं, मग चाटलं. मला वाटलं, वा, हीच ती माया! पुढच्या क्षणी पिल्लू, पिल्लाची आई आणि ‘समाप्त’ हे सगळं तिच्या पोटात गेलं.

“आगं भवाने, शाळा खाल्लीस की!” आजी ओरडली.

दोन दिवस रोहिणी शाळेत गेली नाही. पोट दुखतंय म्हणाली. दुखायला हवं होतं काबरीचं. ती मजेत रवंथ करत होती.

तिसऱ्या दिवशी आजी म्हणाली, “चित्र सारं ध्यानात हाय न्हवं? मग काढ की.”

रोहिणी कागद घेऊन बसली. गाढव काही जमेना, म्हणून तिनं शेळी काढली. मग आजी काढली. मग दारातून आत येणारे आई-बाप काढले, आईच्या हातात कोयता. खाली लिहिलं: सगळे घरी आले. या वेळी आजीनं पान सुई-दोऱ्यानं शिवलं, आणि शाळेत येताना काबरीलाही ओढत आणलं, साक्षीला.

“हे कुणी फाडलं?” गुरुजींनी विचारलं.

“हिनं,” आजीनं दोर पुढं केला. “खळ म्या लावलती. पोरीचा कायबी कसूर न्हाई. हिला पुस्तक देऊ नका, पोरीला द्या.”

वर्ग खदाखदा हसला. गुरुजी हसले नाहीत. ते शेवटचं पान बराच वेळ बघत राहिले. मग काबरीकडं वळून गंभीरपणे म्हणाले, “तुला पुढचं पुस्तक मिळणार नाही.”

रोहिणीला मिळालं. मीही भज्यांतून वाचलो.

उन्हाळ्याच्या तोंडावर कारखाने बंद झाले, आई-बाप परतले. रोहिणीनं मला पुन्हा मागून नेलं. आईनं शेवटचं पान पाहिलं.

“मला एवढी जाड काऊन काढली गं?” ती हसली. मग चित्रावर बोट ठेवून हळूच म्हणाली, “आन् घरी आले तरी हातात कोयताच व्हय?”

रोहिणीनं खोडरबर आणलं आणि कोयता खोडला. चित्रातल्या आईचा हात रिकामा झाला. तो धरून उभी असलेली एक मुलगी तिनं तिथं काढली. तोवर ती स्वतः त्या चित्रात नव्हतीच.

आता मी पेटीत असतो, आणि पेटी उघडी असते. मला घरी न्या, मोठ्यानं वाचा, गाढवाला खुशाल ससा म्हणा. फक्त खळ लावू नका. आणि शेवटच्या पानावर कोयत्याची पुसट रेघ दिसली, तर ती कुणी पुन्हा गिरवू नका.