उलटी बदाम राणी

अकोल्याला माझं डिझाइनचं छोटं दुकान आहे. यंदा हौसेनं वऱ्हाडी पत्त्यांचा कॅट काढायला घेतला. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक तसेच ठेवले. ती चिन्हं फ्रेंचांची. साचा ठेवून लाल-काळा रंग फिरवला की झालं, इतकी सोपी. मी चित्रं तेवढी बदलली. राजाला फेटा, गुलामाला गांधीटोपी आणि बदाम राणीला माझ्या आईचा चेहरा दिला. डोक्यावर पदर, पायात जोडवी, अख्खी उभी.

छापण्याआधी कॅट तिवशाला बाबांकडे नेला. मी नोकरी सोडल्यापासून त्यांनी माझ्या कामाचं नावही काढलं नव्हतं. त्यांनी एकदा तरी चांगलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

बाबा मेंढीकोटात पटाईत, पण या कॅटानं ते हरतच सुटले. राजा, गुलाम उलटे आले तर तसेच राहत. बदाम राणी उलटी आली की बाबा ती सरळ करून घेत. राणी कुणाकडे आहे हे कळायला शेजारच्या, विरुद्ध बाजूच्या सूर्यभानकाकांना तेवढं पुरे होतं. बाबांचे भिडू किसनराव वैतागले.

"खुशालराव, तुमच्यासंग खेळनं म्हन्जे पत्ते उघडे करूनच बसनं व्हय."

मी बाबांना समजावलं. पूर्वी फ्रान्समध्येही लोक असेच पत्ते फिरवायचे आणि पकडले जायचे, म्हणून तर पुढे चित्रं कमरेत कापून दोन्हीकडे डोकी दिली. तुम्ही फक्त फिरवू नका.

"तुह्या आईले उलटं लटकवून ठेवू काय मी?"

आईला उभ्या जन्मात 'जेवली काय' असं न विचारणारा हा माणूस! माझं डोकंच फिरलं. अकोल्याला परतून सगळी चित्रं कमरेत कापली, जोडवी गेली, दोन-दोन डोकी बसवली.

पुढच्या रविवारी नवा कॅट वाटला. बाबांनी राणी फिरवली, पुन्हा फिरवली. कशीही धरली तरी एक आई उलटीच. मनात म्हटलं, आता फिरवा. तर त्यांनी पत्ता खाली ओढून उलटी आई तळव्यात झाकून घेतली. सूर्यभानकाकांनी हसत बदाम राजा टाकला. किसनराव पत्ते आपटून उठले.

मला रडूच यायचं बाकी होतं. शेवटी मीच विचारलं, कॅट कसा झाला म्हणून.

बाबांनी राणी उचलून पाहिली.

"चांगला झाला," ते म्हणाले. "पन तुह्या आईचे पाय कुठी गेले?"