दोनशे चौदा सोडून

"गाळणीत काय अडकलंय ते फेकायच्या आधी एकदा बघत जा गं बाई," हॅलोकाका म्हणाले होते. निवृत्तीचा आठवडा उरला होता आणि ते माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"काका, चोथ्यात काय बघायचं?"

"चहात माशी पडली तर कुठे सापडते? चोथ्यातच ना?"

मी हसले आणि एंटर दाबलं. तेव्हा मला माझ्या टायपिंगच्या वेगाचं फार कौतुक होतं.

आमची कंपनी इंटरनेटवरून फोन चालवते. दवाखाने, शाळा, लहानसहान ऑफिसं. कुणाचा फोन लागला नाही, मध्येच आवाज तुटला, की कारण शोधायचं काम माझं. काळ्या पडद्यावर एक कमांड लिहायची आणि हजारो निरोपांतून आपल्याला हवे तेवढेच गाळून घ्यायचे. एका फोनमागे निरोपांची रांगच असते: फोन करतोय, वाजतोय, उचलला, ठेवला. शिवाय प्रत्येक यंत्र दर दोन मिनिटांनी सर्व्हरला आपणहून कळवत राहतं, 'मी इथे आहे.'

हे सगळं मला काकांनी शिकवलं. चौतीस वर्षं त्यांनी फोनचंच काम केलं. आधी खांबांवर चढले, मग एक्स्चेंजच्या खोलीत बसले आणि पन्नाशीनंतर चष्मा पुसत पुसत हा काळा पडदा शिकले. कुठलीही लाइन जोडली की, "हॅलो, एक, दोन, तीन, येतंय का ऐकू?" म्हणून हॅलोकाका. काकू गेलेल्या, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर साहेबांनी त्यांचं दोनशे चौदा नंबरचं एक्स्टेंशन त्यांच्या घरी तसंच राहू दिलं. त्यावरून ते रोज सकाळी दहाला चाचणीचा नंबर लावायचे. तिथे माणूस नसतो. आपण जे बोलू तेच मशीन आपल्याला परत ऐकवतं.

"आता घरी बसून कशाला तपासता?" मी एकदा विचारलं.

"अगं, दिवसातून एकदा तरी कुणी विचारायला नको, ऐकू येतंय का म्हणून? मी मशीनला विचारतो, ते मला विचारतं. मग मी म्हणतो येतंय, तेही म्हणतं येतंय. झाला दिवस सुरू."

मुलगी झाल्यावर मी घरून काम करू लागले. दहाला ती झोपायची, दहालाच मी कामाला बसायची आणि बरोबर दहालाच पडद्यावर दोनशे चौदाचे निरोप सुरू व्हायचे. तपासात तो कचरा नको म्हणून मी रोजच्या कमांडच्या शेपटीला जोडून टाकलं: दोनशे चौदा सोडून. पुढे चाचणी झाली की काका मलाही फोन करायला लागले. "पिल्लू काय म्हणतंय?" घंटीने पिल्लू दचकून उठायचं. मग मी माझ्या फोनवर दहा ते अकरा 'अडथळा नको' लावून ठेवलं. त्या वेळात कुणी केला तर त्याला उत्तर मिळायचं, 'व्यस्त'.

"काका, दहा ते अकरा नका हं करू."

"छे छे, लेकराची झोप आधी."

त्यानंतर त्यांनी त्या वेळात कधीच केला नाही.

माझा स्वभाव घाबरट नाही म्हणावं तर मुलीच्या नाकाखाली बोट धरून मी दिवसातून दहादा तिचा श्वास बघते. नवरा म्हणतो, "तू तपासतेस म्हणूनच जागी होते ती."

बुधवारी एका दातांच्या दवाखान्याची तक्रार आली. बघून बघून काहीच सापडेना, म्हणून साडेअकराच्या सुमारास मी सगळी गाळणी काढली आणि सोमवारपासूनचं सगळं मागवलं. पडदा भरून वाहू लागला. त्यात दोनशे चौदा दिसला. दर दोन मिनिटांनी, 'मी इथे आहे.' बरं वाटलं. आहेत म्हटलं काका.

मग लक्षात आलं, आज दहाची चाचणी नाही. कालचीही नाही.

मी मागे गेले. सोमवार. दहा वाजता, चाचणी, नेहमीसारखी. दहा चार, दोनशे चौदाकडून माझ्या एक्स्टेंशनला फोन. उत्तर: व्यस्त. दहा चार, परत मलाच. व्यस्त. दहा पाच. व्यस्त. दहा सहा, चाचणीचा नंबर. उचलला.

त्याच्यापुढे 'ठेवला' हा निरोपच नव्हता. बरोबर एक तासाने सर्व्हरने नियमाप्रमाणे तो फोन तोडला होता.

मी दोनशे चौदा लावला. व्यस्त! क्षणभर जीव भांड्यात पडला, कुणाशी तरी बोलतायत म्हणून. पण पडद्यावर त्यांचा एकही फोन चालू नव्हता. रिसीव्हर खाली पडलेला असला तरी यंत्र व्यस्तच सांगतं. हेही काकांनीच शिकवलेलं.

नवरा काकांच्या घरी धावत गेला. वीस मिनिटांनी त्याचा फोन.

"दार आतून बंद आहे. शेजारचे आहेत बरोबर. तोडतोय."

"फोन चालू ठेव. ठेवू नकोस, ऐकतोयस ना?"

लाकूड फुटल्याचा आवाज आला, मग पावलांचा.

"अरे, बोल ना!"

"तू येऊ नकोस," तो म्हणाला. "बाळाला घेऊन येऊ नकोस."

डॉक्टरांनी सांगितलं, झटका असावा, सोमवारचा. वेळ नक्की सांगता येणार नाही. मला सांगता येते. दहा चारला ते उभे होते आणि लेकराची झोप मोडायचा विचार करायला सवड उरली नव्हती. मी घेतला नाही, म्हणून मग हमखास उचलणाऱ्याला त्यांनी लावला. पुढचा तासभर त्या खोलीत जे काही ऐकू आलं असेल, ते मशीनने त्यांचं त्यांना परत ऐकवलं.

पडद्यावर दोनशे चौदा अजून येतच होता. एक बारा, मी इथे आहे. एक चौदा, मी इथे आहे.

"फोनची पिन काढ," मी नवऱ्याला म्हटलं.

"आत्ता? अगं, इथे लोक..."

"भिंतीतली. काढ ना रे."

एक सोळाला निरोप आला. एक अठराला आला नाही. मुलगी उठून रडत होती. मी पडद्यासमोरून हलले नाही, एक वीसपर्यंत थांबले.

कमांडच्या शेपटीचे ते तीन शब्द मी खोडून टाकलेत. आता ते नसले तरी कचरा येत नाही.

तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल. रोज सकाळी एकच निरोप पाठवणारं, ज्याचा आवाज तुम्ही बंद करून ठेवलाय. यादीत तिच्या नावापुढे हिरवा ठिपकाही दिसत असेल. हे वाचून झालं की तिला फोन लावा. उचलला नाही तर चप्पल घाला आणि जा.