कमांड सापडली नाही

अर्ध्यावर उचललेल्या शटरखालून सकाळचे ऊन दुकानात शिरले आणि कसलीही घाई नसल्यासारखे आधी फरशीच्या भेगेपाशी थांबले. मग ते स्टुलाच्या पायावर चढले, कोरायच्या मशीनवर साचलेल्या पितळी भुशावरून सावकाश सरकले, अर्धवट राहिलेल्या पाटीवरच्या ‘मुख्याध्या’ या अक्षरांत क्षणभर भरून राहिले आणि शेवटी संगणकाच्या काळ्या पडद्यावर येऊन बोटांचे ठसे तेवढे दाखवू लागले. इतके निवांत ऊन पाहून संगणकापुढे बसलेल्या धाकट्याचे डोके अधिकच भडकले.

शाळेच्या सगळ्या खोल्यांच्या पाट्या संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. कोरायचे मशीन चालवणाऱ्या संगणकाची जुनी डिस्क गेली होती. नवी बसवली, पण तिच्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली चढवणारे भाऊजी ताईला सोडून निघून गेले होते. निदान धाकटा तरी सगळ्यांना तसेच सांगे. आता मशीन चालू होईल ते त्या माणसावाचूनच, अशी त्याने खूणगाठ बांधली होती. त्यात हा लिनक्सचा प्रकार असा, की आयते काहीच मिळत नाही. डिस्कचे भाग पाडण्यापासून घड्याळ लावण्यापर्यंत सारे आपणच एकेक कमांड लिहून रचायचे. भाऊजी असताना धाकटा शेजारी बसून नुसती मान डोलवायचा. आता मार्गदर्शिका वाचत, पुन्हा पुसत, पुन्हा मांडत तो इथवर पोचला होता. भाऊजींच्या पेनड्राइव्हवरून सगळे चढवून त्याने पेनड्राइव्ह उपटला, संगणक नव्याने सुरू केला, आणि इंटरनेटच गायब झाले. इंटरनेट नाही म्हणजे कोरायच्या मशीनचा प्रोग्रॅम उतरवता येईना.

त्याने जोडणीची कमांड लिहिली. पडद्याने एक ओळ टाकली. त्याने तीच कमांड पुन्हा बडवली. पुन्हा तीच ओळ.

ताई केरसुणी घेऊन आत आली. पाट्यांची अक्षरे ती मांडायची, कोरायचे काम त्याचे.

“झालं का रे?”

“होईल.”

“कालपासून होतंयच. त्याला एक फोन कर, लगेच सांगेल.”

“त्या माणसाचं नाव काढायचं नाही इथं!”

“मी कुठं काढलं? उठल्यापासून जप तुझाच चाललाय.”

“तू वायरीला हात लावलास का झाडताना?”

“अजून झाडलंय कुठं? केरसुणी बघ, कणभर भुसा तरी लागलाय का तिला?”

त्याने वायर उपटून पुन्हा खोचली, टेबलावर मूठ आपटली. पितळेचा भुसा उडाला आणि उन्हात तरंगत राहिला.

“अरे, तो संगणक काय लिहितोय ते तरी वाच,” ताई म्हणाली.

हे वाक्य भाऊजींचे होते. ‘तो भांडत नाहीये रे, सांगतोय. वाच आधी.’ धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण नजर मात्र पडद्यावर गेली. कमांड सापडली नाही, एवढेच तिथे लिहिले होते. वायर ठीक होती. जोडणीचा प्रोग्रॅम डिस्कवर नव्हताच. संगणक पेनड्राइव्हवरून चालत होता तोवर तिथला आयता प्रोग्रॅम होता, म्हणून इतका वेळ इंटरनेट चालले; आपल्या डिस्कवर तो घ्यायचे धाकटा विसरला होता. आणि आता तो आणायचा, तर त्यालाच इंटरनेट हवे.

दात-ओठ खात त्याने पेनड्राइव्ह पुन्हा लावला. त्याच्यावरून संगणक सुरू केला, बाहेरून आपल्या डिस्कमध्ये शिरला, राहिलेला प्रोग्रॅम चढवला आणि बाहेर पडून संगणक पुन्हा डिस्कवरून सुरू केला. या खेपेस जोडणीच्या कमांडवर पडदा काही बोलला नाही. कर्सर गुमान खालच्या ओळीवर गेला. काही बोलला नाही म्हणजे झाले, हेही भाऊजींनीच सांगितलेले.

थोड्या वेळाने मशीनची सुई घरघरली आणि ‘पक’ कोरून थांबली. ताईने पाटीवर फुंकर मारली.

“बघ,” तो म्हणाला, “अडलं का काही? जाणाऱ्याला वाटलं असेल, दुकान बुडेल.”

“पेनड्राइव्ह कुणी ठेवला?”

“ठेवला असेल! बायकोला टाकून जाणाऱ्याचं कौतुक मला नको सांगूस.”

ताईने पाटी खाली ठेवली. “मी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं. इथंच, याच टेबलापाशी. पण तू दारात उभा राहून त्याला शिव्या घालत होतास.”

 तो दिवस धाकट्याला लख्ख आठवला. भाऊजी पायरीवर बॅग घेऊन उभे होते. एका शब्दाने उलटून बोलले नव्हते. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून निघाले होते. आणि त्याच्या आरडाओरड्यामागून ताईचा आवाज येत होता, अगदी सरळ, समजेल असा. तो त्याने ऐकलाही होता.

भाऊजी सोडून गेले नव्हते. ताईनेच त्यांना जायला सांगितले होते.