परळची नसलेली भिंत

मी रडार बोलतोय. नाव ऐकून तुम्हाला विमानतळ आठवला असेल, पण मी राहतो शंतनु सबनीस यांच्या पांढऱ्या मोटारीच्या नाकाडात, कंपनीच्या बिल्ल्यामागे. समोर हाक मारायची, ती कशावर आपटून परत आली की अंतर मोजायचं आणि काही फारच जवळ असेल तर कुणाला न विचारता ब्रेक लावायचा, हे माझं काम. थोडक्यात, संशय घेण्यासाठीच माझा जन्म झाला.

साहेब दादरचे. त्यांचा ड्रायव्हर हितेंद्र घोडपदेवच्या चाळीतला, अकरा वर्षं त्यांच्याकडे. मी आलो गेल्या दिवाळीला, नव्या गाडीबरोबर. "मी असताना हा कोण ब्रेक मारणारा?" असं तो काच पुसताना पुटपुटायचा. मलाही त्याचं पुढच्या गाडीला चिकटून चालवणं पटत नसे.

एका संध्याकाळी परळला, नव्या टॉवरच्या फाटकासमोर, मला वाटलं पुढे तीन हातांवर भिंत आहे. मी ब्रेक लावला. मागे बसलेल्या मीनाक्षीताई, साहेबांच्या आई, पुढच्या सीटवर आपटल्या, कपाळाला टेंगूळ आलं. रस्ता तर मोकळा होता! आठवड्यात तीनदा असं झालं, तेही त्याच जागी.

"हितेंद्र, खरं सांग. घेऊन आलायस?" साहेबांनी विचारलं.

"आईशप्पत साहेब, पाय ब्रेकवर नव्हताच माझा. गाडी आपोआप थांबली."

"आपोआप? तोंड इकडे कर."

साहेबांनी खरोखर नाक पुढे केलं. वास चहाचा होता, पण शंका काही गेली नाही. सर्व्हिसवाल्यांनी गाडी निर्दोष ठरवली आणि साहेबांनी सांगून टाकलं, सोमवारी चावी ठेवून जा. चोर सोडून संन्याशाला फाशी! चोर मी होतो, आणि मला तोंड नव्हतं. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

रविवारी मीनाक्षीताईंनीच त्याला गाडी नेऊ दिली. चिंचपोकळीला त्याच्या शेजारच्या अनुजाचं गॅरेज आहे. तिने लॅपटॉप जोडला, रडारवाली दुसरी गाडी समोर आणली, आणि मला पुन्हा भिंत दिसली.

"दादा, हा त्या गाडीची हाक आपलाच प्रतिध्वनी समजतोय. परळच्या त्या टॉवरमधूनही अशाच रडारवाल्या गाड्या निघत असणार," ती म्हणाली. "तुझ्या आईचं, मालनकाकूंचं, कसं होतं? गॅलरीत सगळ्यांचे कुकर एकदम लागतात, काकू शेजारणीची शिट्टी आपली म्हणून मोजतात..."

"आणि डाळ कच्ची!" हितेंद्र हसला. "म्हणून आई आता सगळ्यांच्या आधी लावते."

"यालाही तेच शिकवायचं. कंपनीचा नवा प्रोग्राम आलाय, तो कुणी टाकलाच नाही."

तो टाकल्यावर मी सुधारलो. आता बोलण्याआधी क्षणभर कानोसा घेतो. दर खेपेला हाकेची वेळ आणि सूर बदलतो. खरी भिंत प्रत्येक वेळी त्याच जागी सापडते, परका आवाज एकदा इथे, एकदा तिथे. मग मी त्याला सोडून देतो.

सोमवारी साहेब स्वतः पुढे बसले, नजर हितेंद्रच्या पायांवर. परळच्या फाटकातून एकामागून एक गाड्या निघाल्या. मी सगळ्यांचं ऐकलं आणि गप्प राहिलो.

"म्हणजे गाडीचंच होतं तर," साहेब म्हणाले. "चल, विषय संपला. उद्या नऊला ये."

"शंतनु, त्याच्या तोंडाचा वास घेतलास तू," मागून मीनाक्षीताई म्हणाल्या.

घरी आल्यावर हितेंद्रने चावी त्यांच्या हातात ठेवली. "गाडी आता मस्त आहे, साहेब. येतो मी." ताईंना वाकून नमस्कार केला आणि निघाला. मी त्याच्यामागे हाक मारत राहिलो. ती परत आली, दर वेळी थोड्या जास्त अंतरावरून.

आता नवा ड्रायव्हर आहे. साहेब त्याच्याही पायांकडे बघतात. माणसांनो, संशय घ्या, मी तर त्यावरच जगतो. पण मी निदान दहा वेळा, दहा तऱ्हांनी विचारून बघतो. अकरा वर्षं सोबत असलेल्या माणसाला साहेबांनी एकदाच विचारलं, आणि उत्तर नाकाने घेतलं.