मंदाबाईंचा एकच उखाणा

मंदाबाईंना उखाणा एकच येत होता. लग्नात घेतला तोच त्रेचाळीस वर्षं चालवला. "आर्वीच्या बाजारात कापसाची रास, प्रभाकररावांचं नाव घेते, संक्रांतीचा दिवस खास." बारसं असलं की बारशाचा दिवस खास, कुणाची वास्तुशांत असली की वास्तूचा. गल्लीतल्या बायकांना तो इतका पाठ झाला होता की मंदाबाईंनी तोंड उघडायच्या आत चौघीजणी "रास!" म्हणून मोकळ्या व्हायच्या. मंदाबाईंना त्याचं काही नव्हतं. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव तोंडात आणायचं नाही, हे त्या अल्लीपूरच्या माहेरातून शिकून आल्या होत्या. वर्षातून चार वेळा नाव घ्यायचं, त्याला दहा उखाणे कशाला लागतात?

आणि निदान त्यांना एक तरी येत होता. प्रभाकररावांची गोष्टच वेगळी. त्यांचा जिवलग मित्र नत्थू याने लग्नाच्या आधी त्यांना एक झकास उखाणा रचून दिला होता. आठ दिवस गोदामात पोत्यांवर बसून त्यांनी तो घोकला. आणि ऐन पंगतीत, बायकोला घास भरवताना, सगळा मांडव कान टवकारून बसलेला असताना, नवरदेवाला दरदरून घाम फुटला. तोंडातून नुसतं "मंदा" एवढंच निघालं, आणि गडबडीत घास त्यांनी स्वतःच खाऊन टाकला. त्यावरून उभं आयुष्य त्यांची चेष्टा झाली. काय होता तो उखाणा, हे मंदाबाईंनी नत्थूभाऊंना कितीदा विचारलं असेल. "वहिनी, लय भारी होता," ते म्हणायचे, "पण आता मलेही आठवत नाई." चार वर्षांपूर्वी नत्थूभाऊ गेले, आणि उखाण्याचा विषय तिथेच संपला.

विसरण्याची ही गंमत होती तोवर ठीक होतं. दिवाळीपासून मात्र प्रभाकरराव खरंच विसरायला लागले. आधी चष्मा, मग आंघोळ झाली की नाही ते, मग शेजाऱ्यांची नावं. मार्चमध्ये एका सकाळी ते घरातून निघाले आणि सरळ आपल्या जुन्या दुकानात जाऊन बसले. किराणा तिथून हलवून तीन वर्षं झाली होती. तिथे आता मोबाईलचं दुकान होतं. काउंटरमागे बसून ते येणाऱ्या पोरांना "साखर किती बांधू?" विचारत होते. पंधरा दिवसांनी पुन्हा नाहीसे झाले, ते एस.टी. डेपोत बाकावर सापडले.

त्या दिवशी निकेशने, त्यांच्या मुलाने, येताना नवं कुलूप आणलं. वाईट पोरगा नव्हता. दिवसभर बापाला शोधून पार थकला होता.

"आई, आता एकदा जरी बाबा चुकले, तं फाटकाले हे लावीन," तो म्हणाला. "मले इलाज नाई."

कुलूप दाराशी खिळ्याला लटकत राहिलं. जो माणूस उभा जन्म उघड्या दुकानात बसला, येणाऱ्याजाणाऱ्याला "या, बसा" म्हणत आला, तो कुलपामागे किती दिवस तगेल, हे मंदाबाईंना बरोबर कळत होतं. म्हणून नागपूरच्या डॉक्टरांची तारीख मिळाली तेव्हा त्या अडून बसल्या. "तू दुकान पाह्य. मी नेतो त्यायले, अन् सुखरूप आणतो." निकेश नको नको म्हणत होता. पण ही परीक्षा आपण पास झालो तर कुलूप खिळ्यावरच राहील, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

पहाटेची बस पकडून दोघं नागपूरला आले. वाटभर त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याची बाही सोडली नाही. डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले, गोळ्या लिहून दिल्या आणि शेवटी म्हणाले, "हा आजार पूर्ण बरा होणार नाही, आजी. पण यांना कोंडू नका. उघड्यावर न्या, माणसांत न्या." मंदाबाईंना वाटलं, हे वाक्य चिठ्ठीवर लिहून मागावं आणि निकेशच्या हातात द्यावं.

आर्वीची बस साडेसातला होती. दुपार दवाखान्याच्या थंडगार वेटिंग हॉलमध्ये काढली आणि पाच वाजता त्यांनी ऑटोवाल्याला तलावाकाठच्या मोठ्या बागेत न्यायला सांगितलं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात "तुले नागपूरची बाग दाखवीन" असा शब्द प्रभाकररावांनी दिला होता. मग दुकान आलं, निकेश आला, आणि बाग राहूनच गेली. शब्द देणारा विसरला होता. पण घेणारीला चांगला आठवत होता.

एप्रिलचं नागपूर दिवसभर नुसतं भाजत होतं. पण बागेत पाऊल टाकलं आणि जीव थंडावला. नुकतंच पाणी मारलं होतं, ओल्या मातीचा वास सुटला होता, तलावावरून झुळूक येत होती. अर्धं नागपूरच जणू घराबाहेर पडलं होतं. कुणी सतरंजी टाकून चिवडा खात होतं, कुणाचा बॅडमिंटनचा खेळ रंगला होता. पलीकडे दगडी छत्रीखालच्या चौथऱ्यावर पेन्शनर मंडळींनी स्पीकर लावला होता आणि जुनी हिंदी गाणी माईकवर म्हणणं चालू होतं. सूर सगळ्यांचेच चुकत होते आणि कुणाला त्याची लाज नव्हती.

"अवो, पाहा तरी," मंदाबाई म्हणाल्या. "एवढे लोक, अन् कोणाले काही काम नाई!"

प्रभाकररावांनी सगळीकडे नजर फिरवली. "धंदा चांगला होईल इथं," ते म्हणाले. मंदाबाई खळखळून हसल्या. कितीतरी दिवसांनी ते त्यांच्यासारखं बोलले होते.

कडुलिंबाखाली बाक मिळाला. फाटकाजवळून त्यांनी दोन बर्फगोळे आणले होते, काला खट्टा. प्रभाकररावांचे ओठ जांभळे झाले, मिशीवर थेंब आले. मंदाबाईंनी पदराने ते टिपले आणि मग स्वतःची काडी चोखत बसल्या. सासू होती तेव्हा रस्त्यावरचं खायची सोय नव्हती, नंतर सवय नव्हती. वयाच्या पासष्टीला बर्फगोळा एवढा गोड लागावा, हे त्यांना जरा वरमल्यासारखंच वाटलं.

"आणखी पाह्यजे का तुले?" प्रभाकररावांनी विचारलं.

"नाई बा. दात गेले कामातून."

समोर हिरवळीवर पाण्याचं कारंजं गरगरत होतं आणि पोरं त्याखालून ओरडत पळत होती. मंदाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी चपला काढल्या. "इथंच बसा. हलू नका. मी जरा गवतात पाय टाकून येतो."

ओल्या गवतात पाय पडला आणि त्या थबकल्या. घोट्यापर्यंत गारवा चढला. शेतातलं गवत त्यांनी जन्मभर पाहिलं होतं, पण ते काढायचं असतं. नुसतं चालायला ठेवलेलं गवत त्यांना नवीन होतं. एक फेरी मारली, दुसरी मारली. कारंज्याचा एक फवारा पाठीवर आला तेव्हा त्या पोरींसारख्या किंचाळल्या आणि एका अनोळखी बाईबरोबर पोट धरून हसल्या. असतील पाच मिनिटं. दिवाळीपासूनची पहिली पाच मिनिटं, ज्यात त्यांना नवऱ्याची आठवण झाली नाही.

मागे वळल्या तर बाक रिकामा.

आधी त्या चालत गेल्या, मग अनवाणीच धावत सुटल्या. झाडामागे पाहिलं, नळापाशी पाहिलं, गोळेवाल्याच्या फाटकाशी जाऊन आल्या. पांढरा सदरा, पांढरी टोपी. बागेत तसे वीस म्हातारे होते आणि त्यातला एकही त्यांचा नव्हता. प्रभाकररावांचा मोबाईल मंदाबाईंच्याच पिशवीत होता. बागेपलीकडे रस्ता होता, रस्त्यावर बस, ट्रक, सगळं शहर. कुलूप डोळ्यांपुढे आलं. मग कुलूपही गेलं आणि नुसती भीती उरली. आपल्याच हौसेपायी आपण माणूस घालवला, असं मनात येऊन त्यांना रडू फुटलं.

चौकीदाराने त्यांना थांबवलं. "काय झालं, मावशी?"

"निकेशचे बाबा दिसत नाई."

"नाव काय त्यांचं?"

"सांगितलं नं. निकेशचे बाबा."

"मावशी, तसं पुकारलं तर या बागेत पाच निकेशचे बाबा निघतील." पण माणूस भला होता. त्याने त्यांना थेट चौथऱ्यावर नेलं. गाणं अर्ध्यावर थांबलं. माईक ज्यांच्या हातात होता त्या हिरालालजींनी, बिजली खात्यातल्या निवृत्त गृहस्थांनी, आस्थेने तेच विचारलं. नाव काय?

मंदाबाईंनी पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि नावावर बोट ठेवलं.

हिरालालजींनी चिठ्ठी वाचून दोनदा खणखणीत पुकारा केला. "आर्वीचे प्रभाकरराव, जहाँ भी हो, छत्रीजवळ या." आवाज बागभर घुमला. कुणी आलं नाही. पाच मिनिटांनी पुन्हा पुकारलं. तलावावर सूर्य खाली सरकत होता.

"ताई," हिरालालजी माईक पुढे करत म्हणाले, "माझा आवाज त्यांच्या वळखीचा नाही. तुम्हीच बोला."

मंदाबाईंनी माईक हातात घेतला. समोर सगळी बाग. तोंडातून सवयीने निघालं ते "अवो!" आणि त्याबरोबर बागेतल्या निम्म्या नवऱ्यांनी माना वळवल्या. लोक हसले. मंदाबाईंनी डोळे मिटले. नाव ओठांपर्यंत यायचं आणि अडायचं. त्रेचाळीस वर्षांत ते कधी एकटं बाहेर पडलंच नव्हतं. त्याच्यापुढे नेहमी कापसाची रास असायची. मग त्यांनी तिथूनच सुरुवात केली.

"आर्वीच्या बाजारात कापसाची रास..." आवाज कापला. "प्रभाकरराव, कुठं असाल तं... या माह्या पास!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग एका सतरंजीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या बागभर पसरल्या. मंदाबाईंना टाळ्या ऐकूच आल्या नाहीत. नाव एकदा सुटलं होतं, आता अडायचं कारण नव्हतं. "प्रभाकरराव! प्रभाकरराव, मी मंदा हावो! इकडे या!"

तलावाकडच्या दुसऱ्या फाटकातून गर्दी बाजूला सारत ते आले. तिथेही एक गोळ्याची गाडी होती. तिच्यामागे उभे राहून ते बराच वेळ गिऱ्हाईकं सांभाळत होते, पोरांना रांगेत लावत होते, आणि गोळेवाल्यालाही हा म्हातारा आवडला होता. टोपी वाकडी झाली होती. उजव्या हातात काला खट्टा होता, वितळून कोपरापर्यंत ओघळलेला.

"घे," त्यांनी काडी पुढे केली. "तुले पाह्यजे होता नं."

मंदाबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. रागावायचं होतं, पण रडूच आलं.

"काऊन रडून राह्यली?" ते म्हणाले. मग त्यांनी सभोवार पाहिलं. माणसं गोल करून उभी होती, सगळ्या बायका तोंडाला पदर, ओढणी लावून हसत होत्या, बायकोने नुकतंच नाव घेतलं होतं, आणि हातात घास होता. प्रभाकररावांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी टोपी सरळ केली, घसा खाकरला.

"अल्लीपूरच्या वेशीवर कडुलिंबाची सावली," ते एका दमात म्हणाले, "मंदाचं नाव घेतो, पह्यल्याच दिशी भावली."

आणि उरलासुरला गोळा त्यांनी तिच्या तोंडाशी नेला.

लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, हिरालालजींनी माईकवरून "वन्स मोर" मागितला. मंदाबाई तशाच उभ्या राहिल्या. तोंडात बर्फ आणि गालांवर पाणी.

"हाच होता का?" त्यांनी हळूच विचारलं. "नत्थूभाऊचा?"

"कोण नत्थू?" प्रभाकररावांनी विचारलं.

बसस्टँडवर साडेसातला ही गर्दी. मंदाबाईंच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, बाही सुटली, आणि प्रभाकरराव ऐटीत यवतमाळच्या बसकडे चालू लागले.

"प्रभाकरराव!" मंदाबाईंनी हाक मारली. "ती नव्हे, ही!"

चार बायकांनी वळून पाहिलं. प्रभाकररावही वळले आणि "आलो, आलो" करत मागे आले.

बस सुटली तेव्हा निकेशचा फोन आला. बाबा ठीक आहेत ना, कुठे चुकले तर नाहीत, असं त्याने एका श्वासात विचारलं. मंदाबाईंना खोटं बोलता आलं असतं. शेजारी प्रभाकरराव खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला तोंड देऊन बसले होते, मिशी अजून जांभळी होती.

"चुकलेते," त्या म्हणाल्या. "अर्धा तास. जीव गेलता माहा." निकेश काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं सांगून टाकलं. "पण थे कुलूप तू वापस करून ये, बाबू. नावानं हाक मारली का येतात थे. अन् आता मले मारता येते."